विजेशिवाय बोलणारा रेडिओ



या सदरातून आम्ही एरवी शिष्यवृत्तीचे फॉर्म, जातीचे दाखले, पतपेढीचे व्याज आणि लग्नकार्यातला अनाठायी खर्च यांवर लिहितो. आज विषय थोडा वेगळा आहे. आम्हाला जुने क्रिस्टल रेडिओ जमवण्याचा आणि ऐकण्याचा छंद आहे, हे आमच्या वस्तीतल्या लोकांना ठाऊक आहे. "साहेब, भंगार कशाला गोळा करता?" असे अनेकजण विचारतात. त्यांना उत्तर द्यावे, आणि ते उत्तर साऱ्या समाजबांधवांच्या कामाचे आहे म्हणून इथेच द्यावे, असे ठरवले.

क्रिस्टल रेडिओ म्हणजे ज्याला बॅटरी लागत नाही, विजेची जोडणी लागत नाही, सेल लागत नाही, असा रेडिओ. १९२० च्या दशकात जगातल्या लाखो सामान्य घरांत रेडिओचा पहिला आवाज याच यंत्रातून पोचला. एक छोटी लाकडी पेटी, तिच्यात तांब्याच्या तारेची गुंडाळी, वर एका पितळी वाटीत बसवलेला चमकदार काळसर खडा, त्या खड्यावर टेकणारी केसासारखी बारीक तार, आणि कानाला लावायचे हेडफोन. यापलीकडे त्यात फारसे काही नसते. तो खडा बहुधा गॅलिना नावाच्या खनिजाचा, म्हणजे ज्यातून शिसे काढतात त्या दगडाचा असतो. त्याच्यावरच्या बारीक तारेला इंग्रज लोक 'मांजराची मिशी' म्हणत. मिशी खड्यावर इकडून तिकडे हलवत राहायचे. एखाद्या नेमक्या जागी ती टेकली की हेडफोनमध्ये माणूस बोलू लागतो. जरा धक्का लागला की आवाज गेला, पुन्हा शोधा! घरातल्या सगळ्यांनी पाय न आपटता बसायचे, अशी शिस्त तेव्हा हा सेट लावत असे.

वीज नाही तर हा चालतो कशावर, असा प्रश्न मुले हमखास विचारतात. उत्तर सोपे आहे. नभोवाणी केंद्राच्या उंच मनोऱ्यातून ज्या लहरी निघतात, त्यांच्यातच थोडी शक्ती असते. आपण बाहेर टांगलेली लांब तार, म्हणजे एरियल, त्या शक्तीतला अगदी कणभर भाग पकडते. गुंडाळी आणि कंडेन्सर मिळून अनेक केंद्रांतून हवे ते केंद्र निवडतात. खडा त्या उलटसुलट धावणाऱ्या प्रवाहाला एकाच दिशेने जाऊ देतो, म्हणून त्यातला आवाज वेगळा होतो. तो कणभर प्रवाह हेडफोनचा पडदा हलवतो आणि आपल्याला शब्द ऐकू येतात. म्हणजे ऐकणाऱ्याचा खर्च शून्य. सगळी ताकद पाठवणाऱ्याची. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे.

अशा खड्यातून प्रवाह एकाच दिशेने सहज जातो, हे जर्मनीच्या फर्डिनांड ब्राऊन यांनी १८७४ मध्ये दाखवले. पण रेडिओच्या लहरी पकडण्यासाठी गॅलिनाचा खडा वापरण्याचे काम आपल्या देशात, कलकत्त्यात, आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी केले. १९०१ मध्ये त्यांच्या वतीने अमेरिकेत पेटंटचा अर्ज झाला आणि १९०४ मध्ये ते मंजूर झाले. हेच बोस प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवायला लागले, तेव्हा हिंदी माणूस म्हणून त्यांना गोऱ्या प्राध्यापकापेक्षा कमी पगार देऊ केला होता. त्यांनी तीन वर्षे काम चोख केले आणि पगाराला हात लावला नाही. शेवटी सरकारला त्यांचा हक्काचा पगार मागील थकबाकीसह द्यावा लागला. समान कामाला समान दाम मागणाऱ्या आमच्यासारख्या नोकरदारांना तो खडा पाहिला की हे आठवल्याशिवाय राहत नाही.

आता हा सेट ज्या देशात घरोघर गेला त्या इंग्लंडकडे वळू. लंडनमध्ये बीबीसीचे प्रक्षेपण नोव्हेंबर १९२२ मध्ये सुरू झाले. त्या वेळी व्हॉल्व्हचा सेट महाग, त्याला जड बॅटऱ्या लागत आणि त्या वारंवार भरून आणाव्या लागत. कामगारांना ते परवडणारे नव्हते. त्यांच्या घरात आला तो क्रिस्टल सेट. दहा शिलिंगांचा वार्षिक परवाना काढायचा, बाहेर तार टांगायची आणि ऐकायचे. एकाच हेडफोनचे दोन कान सोडवून नवरा-बायकोने एकेक वाटून घ्यायचा, किंवा हेडफोन चिनी मातीच्या भांड्यात ठेवून आवाज जरा मोठा करायचा, अशा युक्त्या लोक करत. १९२६ अखेर इंग्लंडात परवान्यांची संख्या २० लाखांच्या वर गेली होती.

पण क्रिस्टल सेटला केंद्र जवळ असावे लागते. शहरापासून लांबच्या खेड्यांतल्या गरिबांनी काय करायचे? तिथे दोन मार्ग होते. एक, लोकांना सांगायचे की महागडा सेट घ्या, नाहीतर गप्प बसा. दुसरा, प्रक्षेपणाची ताकद वाढवायची. बीबीसीचे मुख्य अभियंता पीटर एकर्सली यांनी दुसरा मार्ग धरला. जुलै १९२५ मध्ये डॅव्हेंट्री या गावी २५ किलोवॅट ताकदीचे केंद्र उभे राहिले. साध्या क्रिस्टल सेटवरही लांबच्या माणसाला ऐकू यावे, हा त्यामागचा उघड हेतू होता. सर्वांत दुबळ्या सेटला डोळ्यापुढे ठेवून केंद्र बांधले गेले! आमच्या मते रेडिओच्या साऱ्या इतिहासात याच्याइतकी शहाणपणाची गोष्ट क्वचितच झाली असेल.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मे १९२६ मध्ये खाण कामगारांच्या पाठिंब्यासाठी इंग्लंडात नऊ दिवस सार्वत्रिक संप झाला. छापखाने थांबले, वर्तमानपत्रे निघेनात. तेव्हा लोक बातमीसाठी रेडिओला कान लावून बसले. संपकरी कामगारांच्या घरीही क्रिस्टल सेट होते. पण मजूर पक्षाचे नेते रॅम्से मॅकडोनाल्ड, जे १९२४ मध्ये त्या देशाचे पंतप्रधान राहिले होते, त्यांना या काळात रेडिओवरून बोलू दिले गेले नाही. पंतप्रधान बाल्डविन मात्र बोलले. कामगाराच्या घरात कान पोचला, पण मायक्रोफोनपर्यंत त्याचे तोंड पोचले नाही. ऐकायला मिळणे हा अर्धा हक्क झाला. बोलायला मिळणे हा उरलेला अर्धा.

आपल्याकडे काय घडत होते? मुंबई केंद्राचे उद्घाटन २३ जुलै १९२७ रोजी व्हाईसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झाले. तारीख नीट पाहा. त्याच वर्षी २० मार्चला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली महाडला चवदार तळ्याचे पाणी हजारो हातांनी उचलले. ३ एप्रिलला 'बहिष्कृत भारत' निघाले. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. म्हणजे मुंबईच्या आकाशात आवाजाच्या लहरी सुटल्या त्या वर्षी आपल्या माणसांना तळ्याच्या पाण्यासाठी मार खावा लागत होता. मुंबईच्या त्या केंद्राची ताकद दीड किलोवॅट, आणि आवाज साधारण ३० मैलांपर्यंत. परवान्याला वर्षाचे १० रुपये. गिरणीत साचे चालवणाऱ्या किंवा गोदीत ओझी उचलणाऱ्या माणसाला हे १० रुपये काढणे जडच. १९२९ सालच्या अखेरीस साऱ्या देशातले परवाने आठ हजारांच्या आत होते. पैसा पुरेना, म्हणून ती खासगी कंपनी १९३० मध्ये बुडाली आणि सरकारला नभोवाणी हाती घ्यावी लागली. श्रोत्यांना डोळ्यापुढे न ठेवता केंद्र उभारले की असे होते.

तरीही लहरींचा एक गुण आम्हाला फार आवडतो. त्या शिवाशीव मानत नाहीत. गावकुसाच्या आत जितक्या पोचतात तितक्याच बाहेर पोचतात. तळ्यावर पहारा बसवता येतो, देवळाला कुलूप लावता येते, पण आकाशातून येणारा आवाज महारवाड्याच्या छपरावर अडवता येत नाही. पुढे त्याच आकाशातून आपल्या बापाचा आवाज आला. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी आकाशवाणीवरून आपले जीवनविषयक तत्त्वज्ञान सांगितले. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून घेतली नसून आपले गुरू तथागत बुद्ध यांच्या शिकवणीतून घेतली आहेत, असे त्यांनी साऱ्या देशाला ऐकवले. मे १९५६ मध्ये बीबीसीवरून त्यांनी आपल्याला बौद्ध धम्म का आवडतो ते सांगितले. प्रज्ञा, करुणा आणि समता ही तीन तत्त्वे त्यांनी त्यात मांडली. त्यानंतर पाचच महिन्यांनी नागपूरची दीक्षा झाली. १९२६ मध्ये इंग्लंडच्या मजूर नेत्याला जो मायक्रोफोन नाकारला गेला, तो तीस वर्षांच्या आत एका अस्पृश्य घरात जन्मलेल्या महामानवाने स्वतःच्या विद्वत्तेच्या बळावर मिळवला.

दुसऱ्या महायुद्धातही हा सेट उपयोगी पडला. १९४४ मध्ये इटलीतील आंझिओच्या आघाडीवर सैनिकांनी खंदकात बसून दाढीचे पाते, सेफ्टी पिन, पेन्सिलीचे शिसे, थोडी तार आणि हेडफोन यांतून रेडिओ बनवले. खड्याऐवजी पाते आणि मिशीऐवजी शिसे! काही व्हॉल्व्ह सेटमधून स्वतःच लहरी बाहेर पडत आणि शत्रूला जागा कळण्याचा धोका असे. क्रिस्टल सेट नुसते ऐकतो, काही बाहेर टाकत नाही, म्हणून तो निर्धोक.

आता छंदाविषयी दोन शब्द. जुने रेडिओ मुंबईत चोरबाजारात मटण स्ट्रीटवर दिसतात. पण खरा क्रिस्टल सेट क्वचित मिळतो आणि नकलाही विकल्या जातात. १९२२ नंतरच्या सुरुवातीच्या काही वर्षांतल्या इंग्रजी सेटवर बीबीसी आणि पोस्टमास्टर जनरल यांच्या मान्यतेचा गोल शिक्का असतो. त्यावरून वय कळते. स्क्रूही पाहावेत. अधिकच्या चिन्हासारखी खाच असलेले स्क्रू १९२० च्या दशकात बाजारात नव्हते, तेव्हाचे स्क्रू सरळ खाचेचे असत. प्लास्टिकचे आवरण असलेली तार दिसली तर ती नंतर घातलेली समजावी. काळे एबोनाइटचे पॅनेल उन्हाने हिरवट-तपकिरी होते, ते घासून चमकवू नये. खड्याला बोट लावू नये, बोटाचा तेलकटपणा लागला की तो मंदावतो. चिमट्याने उचलावा, स्पिरिटने पुसावा. खड्यात शिसे असते, म्हणून हाताळल्यावर हात धुवावेत आणि लहान मुलांच्या तोंडापासून तो लांब ठेवावा. हेडफोन आपटू नयेत, त्यातले चुंबक दुबळे होतात.

पण पैसे घालून जुना सेट विकत घ्याच, असे आम्ही कोणत्याही कष्टकरी कुटुंबाला सांगणार नाही. तो घरी बनवता येतो. आम्ही वाणिज्य शाखेचे, विज्ञानाची पदवी आमच्याकडे नाही. तरी जमले, म्हणजे कुणालाही जमेल. दोन इंची पाइपाचा किंवा पुठ्ठ्याच्या नळीचा तुकडा घ्यावा. त्यावर २६ गेजच्या इनॅमल तारेचे सुमारे ९० वेढे एकाला एक चिकटून घालावेत. विसाव्या वेढ्याशी तार थोडी बाहेर काढून पीळ द्यावा आणि तिथे एरियल जोडावे. त्या बाजूचे टोक जमिनीला जोडावे. गुंडाळीच्या दोन टोकांना गँग कंडेन्सर लावावा. खड्याच्या जागी जर्मेनियमचा डायोड चालतो, नेहमीचा सिलिकॉनचा नको. डायोडचे एक टोक गुंडाळीच्या वरच्या टोकाला, दुसरे हेडफोनला आणि हेडफोनची दुसरी तार जमिनीच्या टोकाला. हेडफोनच्या पाठीवर २००० किंवा ४००० ओहम लिहिलेले असावे. मोबाइलचे हेडफोन थेट लावून ऐकू येत नाही. तारेवरचे इनॅमल खरवडून मगच डाग द्यावा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला असे सुटे सामान शोधता येते.

सावधगिरी मात्र कडक पाळावी. एरियलची तार विजेच्या तारेच्या वर, खाली किंवा जवळून कधीही नेऊ नये. पावसाळी हवेत आणि गडगडाट असताना सेट वापरू नये, तार बाहेरच सोडवून ठेवावी. भिंतीतल्या विजेच्या प्लगला जमिनीची तार जोडू नये. ओल्या जागी लोखंडी सळई ठोकून तिला जोडावी. मुलांनी हे काम मोठ्या माणसासमोरच करावे.

सेट बनवण्याआधी एक काम करा. घरातल्या साध्या ट्रान्झिस्टरवर मध्यम लहरींचा पट्टा फिरवून पाहा आणि आपल्या गावात जवळचे केंद्र जोरात लागते का ते बघा. कारण ही केंद्रे कमी होत चालली आहेत. जर्मनीची राष्ट्रीय नभोवाणी २०१५ च्या अखेरीस मध्यम लहरींवरून गेली. बीबीसीने आपल्या चौथ्या वाहिनीचे मध्यम लहरींवरचे प्रक्षेपण एप्रिल २०२४ मध्ये थांबवले. आपल्याकडेही अनेक जुनी प्रक्षेपण यंत्रे बंद झाली आहेत. केंद्र बंद झाले की खडा मुका. मग तो कितीही दुर्मीळ असो, कपाटातला दगड होतो.

नवे तंत्र येऊ नये असे आमचे म्हणणे नाही. बाबासाहेबांचा अनुयायी यंत्राला विरोध करणारा नसतो. पण मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट इथे आठवा. क्रिस्टल सेटमध्ये ताकद पाठवणाऱ्याची होती आणि ऐकणारा खिशाला हात न लावता ऐकत होता. आज उलटे झाले आहे. ऐकायचे तर फोन तुमचा, चार्जिंग तुमचे, रिचार्ज तुमचा. २०२० मध्ये टाळेबंदीत शाळा बंद झाल्या आणि धडे मोबाइलवर येऊ लागले. तेव्हा एका खोलीत तीन मुले आणि एक फोन, तोही कामावर गेलेल्या बापाच्या खिशात, अशी स्थिती आपल्या कितीतरी वस्त्यांनी सोसली. त्या मुलांची बुद्धी कमी नव्हती. प्रक्षेपण त्यांच्या सेटला ऐकू जाईल असे नव्हते, एवढेच.

म्हणून शिक्षण असो, सरकारी योजना असो, दवाखान्याची माहिती असो, आपण एकच प्रश्न विचारायला शिकले पाहिजे. सर्वांत दुबळ्या सेटला हे ऐकू जाते का? १९२५ मध्ये एका अभियंत्याने हा प्रश्न विचारला आणि त्याप्रमाणे केंद्र बांधून दाखवले. आमच्या विहारांच्या समित्यांनी, मंडळांनी आणि महिला मंडळांनीही स्वतःला तो विचारावा. आपल्या सभेची नोटीस फक्त मोबाइलवर टाकली, तर फोन नसलेल्या आजीला ती कळते का? अभ्यासिकेची वेळ धुणीभांडी करून येणाऱ्या मुलीला जमते का?

आणि मिळेल ते ऐकून घेणे एवढ्यावर थांबू नये. कालामांना तथागतांनी हेच शिकवले की ऐकीव आहे, परंपरेचे आहे, मोठ्याने सांगितले आहे म्हणून काही मानू नका, स्वतः पारखा. ही पारख मुलांनी करावी म्हणून आम्ही त्यांच्या हाती गुंडाळी देतो. ९० वेढे मोजून घालताना त्यांना कळते की आवाज हा चमत्कार नाही, कार्यकारणभाव आहे. जे मूल स्वतः रेडिओ बनवते, ते अंगात येणाऱ्या बाबाच्या पाया पडत नाही.

शेवटी एक विनंती. तुमच्या पोटमाळ्यावर वडिलांचा, आजोबांचा जुना रेडिओ पडला असेल, मग तो क्रिस्टलचा असो, व्हॉल्व्हचा असो वा ट्रान्झिस्टर, तो भंगारवाल्याला किलोवर देऊ नका. पोस्टात दर वर्षी शिक्का मारून आणायचे ते परवान्याचे पुस्तकही जपा. १९८० च्या दशकात हे परवाने बंद झाले, आता ते पुन्हा मिळणार नाहीत. ६ डिसेंबर १९५६ ची बातमी रेडिओवरून ऐकलेली माणसे आता थोडीच उरली आहेत. त्यांच्याजवळ बसा, कुठे ऐकली, कुणाच्या घरी ऐकली, तेव्हा वस्तीत काय झाले, हे त्यांच्याच शब्दांत वहीत लिहून घ्या. वर नाव, गाव आणि तारीख घाला. श्रीमंतांची कागदपत्रे सांभाळायला संग्रहालये असतात. आपली आपणच सांभाळायची आहेत, आणि हे काम येत्या रविवारपासून सुरू करता येईल.

जयभीम! नमो बुद्धाय!